वाचकांचे प्रश्न : १७ मीटरचा पोल घ्यावा का?

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याचा व्यवसाय करतो. आजवर आमचे काम तीन मजल्यांपर्यंतच असे आणि त्यासाठी आमच्याकडे ९ मीटरचा ग्लास फायबरचा वॉटर-फेड पोल (नळीतून शुद्ध केलेले पाणी टोकाच्या ब्रशपर्यंत नेणारा, एकात एक सरकणारा दांडा) आहे. आता एका सहा मजली कार्यालयीन इमारतीचे काम हाती आले आहे. सर्वांत वरच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून साडेसोळा मीटर भरते आणि हे काम वर्षातून चारदा करायचे आहे. विक्रेता म्हणतो की एकच १८ मीटरचा कार्बन फायबरचा पोल घ्या, खालची कामेही त्यानेच होतील. आमचा जुना पोल पूर्ण उघडला की टोक इतके डुलते की ब्रश खिडकीच्या चौकटीत ठेवणेही कठीण जाते, त्यामुळे त्याच्या दुप्पट लांबीच्या कल्पनेनेच धास्ती वाटते. कोणता पोल घ्यावा, याचे मार्गदर्शन करावे.

उत्तर : लांब पोल निवडताना जी गोष्ट सर्वांत आधी पाहायला हवी, ती आपण पत्रात नकळत लिहूनच टाकली आहे : टोकाचे डुलणे. विक्रेते लांबी आणि वजन तत्परतेने सांगतात, कारण हे दोन आकडे फितीने आणि काट्याने मोजता येतात. पोल किती ताठ आहे हे मात्र क्वचितच कोणी सांगतो आणि विचारणारेही थोडेच असतात.

एका बाजूने धरलेल्या नळकांड्याची लांबी दुप्पट केली, तर टोकाला लावलेल्या ब्रशच्या वजनामुळे येणारा वाक आठपट होतो आणि नळकांड्याच्या स्वतःच्या वजनामुळे येणारा वाक सोळापट होतो. याचा अर्थ असा की, आपल्या ९ मीटरच्या पोलाच्याच जातीचा १८ मीटरचा पोल कोणी बनवला, तर तो दुप्पट नव्हे, कित्येक पटींनी अधिक वाकेल. प्रत्यक्षात पोलाचे भाग खाली जाड आणि वर बारीक असतात, म्हणून हिशेब इतका सरळ राहत नाही. पण १२ मीटरच्या पुढे प्रत्येक वाढीव मीटर आधीच्या मीटरपेक्षा महाग पडतो, पैशाने आणि खांद्यानेही, हे खरे आहे.

यासाठी पोलाचे द्रव्य, म्हणजे तो ज्या पदार्थाचा बनवला आहे तो पदार्थ, महत्त्वाचे. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, ग्लास फायबरच्या संमिश्राची साधारण २ आणि कार्बन फायबरच्या संमिश्राची १.६ च्या आसपास असते. वजनात कार्बन सरस आहे हे तर दिसतेच, पण खरा फरक ताठपणात आहे. ॲल्युमिनियमचा ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल, तंतू एकाच दिशेने बसवलेल्या ग्लास फायबरचा सुमारे ४० आणि तशाच कार्बन फायबरचा १२० किंवा त्याहून अधिक असतो. पोलात सगळे तंतू लांबीच्याच दिशेने नसतात, काही आडवेतिडवे गुंडाळावे लागतात, नाहीतर नळकांडे चिरते. म्हणून प्रत्यक्षातले आकडे याहून कमी येतात. तरीही तेवढ्याच वजनात कार्बन फायबर ग्लास फायबरच्या तिप्पट-चौपट ताठ राहते. १० मीटरपर्यंत ग्लास फायबरने काम भागते, पण साडेसोळा मीटरसाठी मी त्याचा विचारसुद्धा करणार नाही. दोन्ही तंतू मिसळून केलेला ‘हायब्रिड’ पोल १२ मीटरच्या आसपासच्या कामाला ठीक आहे, त्यापुढे तोही हात आखडतो. उलट ‘हाय मॉड्युलस’ म्हणून विकला जाणारा कार्बन अधिक ताठ असला तरी ठिसूळही अधिक असतो. कठड्यावर आपटला तर साधा कार्बन जिथे ओरखड्यावर निभावतो, तिथे तो तडकू शकतो.

द्रव्याइतकाच व्यासही बोलतो, आणि याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. पातळ भिंतीच्या नळकांड्याचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४० मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर व्यास घेतला, तर तितक्याच जाडीच्या भिंतीने वजन पाव हिश्शाने वाढते, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच लांब पोल बुडाशी मुठीत न मावण्याइतके जाड दिसतात. मात्र दिवसभर धरायची वस्तू हाताच्या मापाची हवी. आपण दोघांनीही तो पोल हातमोजे घालून धरून पाहावा. अंगठा आणि मधले बोट यांत फार अंतर राहत असेल, तर तासाभरात मनगट तक्रार करू लागेल.

आता लांबीचा हिशेब. १६.५ मीटर उंचीसाठी १६.५ मीटरचा पोल पुरत नाही आणि १८ मीटरचा लागेलच असेही नाही. आपला वरचा हात जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो, म्हणजे हातापासून ब्रशपर्यंत १५.३ मीटरची उभी उंची गाठायची आहे. पोल जमिनीशी ७० अंशांचा कोन करून धरला, तर हातापासून ब्रशपर्यंत सुमारे १६.३ मीटर लांबी लागते, शिवाय हाताखाली तोल सांभाळण्यासाठी पाऊण मीटर शेपूट हवे. एकूण १७ मीटर झाले. या स्थितीत आपण भिंतीपासून साडेपाच मीटरवर उभे असाल. तेव्हा पोल पाहायला जाण्याआधी इमारतीभोवती फिरा आणि तेवढी मोकळी जागा चारी बाजूंनी आहे का, ते मोजा. कुंपण, झाडे किंवा गाड्यांमुळे कुठे तीनच मीटर जागा मिळत असेल, तर तिथे पोल ७९ अंशांपर्यंत उभा होतो. मग ब्रश काचेवर नीट दाबला जात नाही, मानेत सारखा ताण येतो आणि वरून काही सुटले तर ते थेट आपल्याच अंगावर येते. उलट ९ मीटर मागे उभे राहिलात, तर कोन ६० अंशांच्या आसपास उतरतो, लांबी दीड मीटरने वाढते आणि वाकही वाढतो, कारण पोल जितका आडवा होतो तितका त्याच्या वजनाचा मोठा भाग त्याला वाकवण्यात खर्च होतो. ७० अंशांवर पोलाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा वाकवण्याचे काम करतो, तर ६० अंशांवर निम्मा. ६५ ते ७५ अंश ही माझ्या मते कामाची मर्यादा आहे. ज्या बाजूला ती साधत नाही, त्या बाजूचे काम पोलावर घेऊच नका, तिथल्या वरच्या मजल्यांसाठी दुसरी सोय करायला सांगा.

नळीचा विचार पोलाबरोबरच करावा लागतो. पोलात सोडायची पीयूची (पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकची) नळी बाहेरून ८ आणि आतून ५ मिलिमीटरची असेल, तर पाण्यासह तिचे वजन मीटरमागे सुमारे ५७ ग्रॅम भरते, म्हणजे १७ मीटरला जवळजवळ एक किलो. बाहेरून ६ आणि आतून ४ मिलिमीटरची घेतली, तर तेच वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर येते. लांब पोलाच्या कामात अर्धा किलो ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण निसर्ग फुकट काही देत नाही : मिनिटाला दीड लिटर पाणी ढकलताना रुंद नळीत १७ मीटरवर सुमारे १ बार दाब खर्च होतो, तर अरुंद नळीत जवळपास ३ बार. त्याशिवाय पाणी नुसते साडेसोळा मीटर वर चढवायलाच १.६ बार लागतात आणि जमिनीवरच्या लांब नळीतला तोटा वेगळाच. आपला पंप ७ बारपर्यंत दाब देणारा असेल तर अरुंद नळी चालेल. पाठीवरच्या टाकीचा लहान पंप असेल तर वरच्या मजल्यावर जेटमधून, म्हणजे ब्रशवरच्या पाणी सोडणाऱ्या बारीक तोंडातून, पाण्याच्या धारेऐवजी ओघळ येईल. पोल घेण्याआधी आपला सध्याचा पंप त्या उंचीवर किती पाणी देतो, हे इमारतीच्या जिन्यातून नळी वर नेऊन बादली आणि घड्याळ यांच्या मदतीने मोजून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि चुकीची खरेदी वाचते.

ब्रशबाबत थोडक्यात सांगतो. नेहमीचा रुंद आणि दाट केसांचा ब्रश १७ मीटरच्या टोकाला लावू नये. अरुंद, हलका, नायलॉनच्या केसांचा ब्रश आणि त्याला कोन बदलता येणारी हलकी मान पुरेशी आहे. टोकावरच्या १०० ग्रॅमचे ओझे हाताशी किती पटींनी जाणवते, हे एकदा अनुभवले की माणूस ब्रशही काट्यावर तोलून घेतो.

आता विक्रेत्याच्या म्हणण्याकडे वळू. ‘एकच पोल, सगळी कामे’ हे बोलणे अर्धे खरे आहे. एकात एक सरकणारा पोल उघडताना आधी सर्वांत बारीक भाग वर काढायचा आणि मग क्रमाने खालचे जाड भाग, कारण उलट केले तर बारीक भागांचे क्लॅम्प (भाग जागेवर आवळून धरणाऱ्या पकडी) हाताच्या पल्ल्याबाहेर जातात. त्यामुळे तीन मजल्यांच्या कामात बुडाकडचे जाड भाग नुसते बंद होऊन हातात ओझे म्हणून राहतात. हे खालचे भाग सहज वेगळे काढता येत असतील आणि उरलेल्या पोलाला बुडाशी टोपण बसवता येत असेल, तर विक्रेत्याचे म्हणणे पटण्याजोगे आहे. ते जमत नसेल, तर आपण वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस दुप्पट वजन उचलत राहाल.

माझा सल्ला असा की, रोजच्या कामासाठी १० ते ११ मीटरचा चांगला कार्बन पोल घ्यावा आणि तो अशा उत्पादकाचा निवडावा, ज्याचे बुडाला जोडायचे वाढीव भाग त्याच पोलावर बसतात आणि एकूण लांबी १७ मीटरच्या पुढे जाते. रोजची झीज एका पोलावर होईल, वाढीव भाग वर्षातले बहुतेक दिवस पिशवीत सुरक्षित राहतील आणि एखादा भाग तडकला तर तेवढाच बदलता येईल. सुटे भाग मिळतात की नाही, हे वजनाच्या आधी विचारा. क्लॅम्प, क्लॅम्पचे स्क्रू, टोकाची टोपणे या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू न मिळाल्यामुळे उत्तम पोल कोपऱ्यात पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

क्लॅम्प हातमोज्यासकट एका हाताने उघडता-मिटता यायला हवा, त्याचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता यायला हवा आणि मिटल्यावर वरचा भाग स्वतःभोवती फिरता कामा नये; भाग फिरू लागले की ब्रश तिरका होतो आणि प्रत्येक खिडकीपाशी झटापट सुरू होते. क्लॅम्प सैल झाल्यामुळे वरचे भाग धाडकन खाली घसरतात, तेव्हा खालच्या क्लॅम्पवर ठेवलेली बोटे सापडतात. माझ्या डाव्या अंगठ्याचे नख अशाच एका सकाळी काळेनिळे झाले होते, आणि दोष पोलाचा नव्हता, आदल्या दिवशी क्लॅम्पमधली रेती न धुणाऱ्या माझा होता.

विकत घेण्याआधी पोल दुकानात आडवा धरून शोभा पाहू नका. पूर्ण लांबीचा पोल आडवा उचलणे त्याच्या जिवावर बेतू शकते. ब्रश आणि पाण्याने भरलेली नळी लावून तो मोकळ्या जागेत भिंतीलगत उभा करायला सांगा, हव्या त्या उंचीवर उघडा, एखाद्या खिडकीच्या कोपऱ्यावर ब्रश नेऊन थांबवा आणि थांबल्यानंतर टोक स्थिर व्हायला किती सेकंद लागतात, ते मोजा. हात थांबला आणि ब्रश पुढे दोन-तीन हेलकावे खात राहिला, तर दिवसभरातल्या शेकडो खिडक्यांपाशी ते सेकंद जमा होत जातात. दोन पोलांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच लांबीला उघडून, एकच ब्रश लावून, एकाच भिंतीवर करावी. आपण दोघे आहात ही जमेची बाजू आहे. १५ मीटरच्या वरचे काम एकट्याने करू नये. एकाने पोल चालवावा, दुसऱ्याने खालची नळी आणि ये-जा करणाऱ्यांकडे लक्ष ठेवावे आणि काही खिडक्यांनंतर अदलाबदल करावी. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की पोलावरचा रेटा चौपट. म्हणून सकाळी पेलणारा पोल दुपारी अचानक पेलेनासा झाला, तर तो आपला अशक्तपणा समजू नका, पोल उतरवा.

प्रश्न : शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही आणि ग्लास फायबरही वीजरोधक असते, तेव्हा विजेच्या तारा जवळ असतील तिथे ग्लास फायबरचा पोल वापरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : नाही. दोन अर्धसत्ये जोडून एक पूर्ण सत्य होत नाही, आणि इथे चूक सुधारायची दुसरी संधी मिळत नाही. पूर्ण शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सियसला सेंटिमीटरमागे ०.०५५ मायक्रोसिमेन्स, म्हणजे खरोखरच अत्यल्प असते. पण तेच पाणी काचेवरची धूळ आणि क्षार घेऊन पोलावरून ओघळते तेव्हा ते शुद्ध उरलेले नसते. ओल्या, मळक्या ग्लास फायबरवरचा पाण्याचा पापुद्रा विजेला वाट करून देतो, आणि काचा धुण्याचे पोल वीजरोधक म्हणून तपासलेले नसतात. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम तर स्वतःच वाहक आहेत. काही पोलांच्या बुडाशी वीजरोधक भाग असतो, तो असावा हे चांगलेच, पण त्याच्या भरवशावर तारांजवळ जाऊ नये. उच्च दाबाच्या तारेला पोल प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी उडी मारते. म्हणून तारांपासूनचे अंतर मोजताना पोल कुठे धरणार आहात हे न पाहता तो हातातून सुटून कोणत्याही दिशेला पडला तर टोक कुठपर्यंत जाईल, ते पाहावे. त्या कक्षेत तार येत असेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

प्रश्न : वापरलेला १४ मीटरचा कार्बन पोल कमी किमतीत मिळतो आहे. काय पाहून घ्यावा?

उत्तर : सगळे भाग बाहेर काढून उजेडात एकेक फिरवून पाहावे. वरचा चकचकीत थर घासून जाऊन काळे तंतू उघडे पडले असतील, तर तिथे कुसळे निघतात आणि ती त्वचेत शिरल्यावर काढणे फार त्रासाचे असते. नाण्याने लांबीभर हलकेच ठोकत जावे; आवाज सर्वत्र टणक आणि सारखा असेल तर ठीक, एखाद्या जागी तो अचानक बद्द झाला तर आतले थर सुटले असण्याची शक्यता धरावी आणि सौदा सोडून द्यावा. क्लॅम्प जिथे आवळतो तिथे नळकांडे चपटे झाले आहे का, हे आतला भाग फिरवत सरकवून कळते. एका स्थितीत अडतो आणि दुसऱ्या स्थितीत सैल पडतो, तर गोलाई गेलेली आहे. ॲल्युमिनियमचे जोड कार्बनला थेट टेकत असतील तर तिथे पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का, तेही पाहावे, कारण ओलाव्यात या दोन द्रव्यांचा संपर्क ॲल्युमिनियमला खातो. कापलेला किंवा चिकटवून सांधलेला भाग असलेला पोल फुकट मिळाला तरी डोक्यावर उभा करू नये.

प्रश्न : पोल लांब घेतल्यापासून वरच्या मजल्याच्या काचांवर वाळल्यावर ठिपके राहतात, खालच्या काचा मात्र स्वच्छ दिसतात. पाणी तर एकच आहे. दोष पोलाचा आहे का?

उत्तर : पाणी एकच असले तरी ते वर पुरेसे पोहोचत नसावे. उंचीमुळे आणि नळीतल्या घर्षणामुळे प्रवाह घटतो, ब्रशने सुटलेला मळ पूर्ण वाहून जात नाही आणि तोच ठिपक्यांच्या रूपाने वाळतो. पंपाचा प्रवाह वाढवून किंवा वरच्या काचांना धुवायला अधिक वेळ देऊन पाहावे. पाणी ज्या काचेवर पसरते, तिथे बारीक सरळ धारेचे जेट चालतात. जिथे ते थेंबाथेंबांनी जमते, तिथे पंख्यासारखे पसरट फवारणारे जेट लावावे आणि धुताना ब्रश काचेपासून थोडा उचलावा. वरची चौकट आधी धुवून तिला निथळू द्यावे, नाहीतर तिच्या फटीतले मळके पाणी तुम्ही पुढच्या खिडकीकडे वळल्यावर सावकाश खाली उतरते. टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) टाकीतले पाणी तपासून घ्यावेच. आकडा शून्याच्या जवळ असावा आणि १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भागांच्या) वर गेला असेल तर डीआय रेझिन (पाण्यातले क्षार काढून घेणारे दाणे) बदलण्याची वेळ झाली आहे, आणि मग खालच्या काचाही फार दिवस स्वच्छ दिसणार नाहीत.